गोव्याच्या भाषणाचं पाचवं पान

देवरूख
२ जानेवारी २०२५

चि. प्रभावतीस अनेक आशीर्वाद व जयभीम. वि. वि.

परवाचा फोन आधी तू ठेवलास की मी, यावर आपलं एकमत व्हायचं नाही, म्हणून पत्र लिहितो. कानातलं मशीन फोनपाशी नेलं की शिट्टी मारतं आणि त्या शिट्टीतून मला तुझा फक्त चढलेला आवाज तेवढा ऐकू येतो. तू चौतीस वर्षं टपालखात्यात काढलीस, तेव्हा निदान पत्राला उत्तर देशील अशी आशा आहे.

मुद्द्यावर येतो. संस्कृतीची वादविवाद स्पर्धेसाठी निवड झाली, हे मला कुणाकडून कळावं? दीपककडून. मुलगा मुंबईत, त्याला आधी कळलं, सुनेला कळलं, आणि ज्या आजोबाने तिला सहाव्या वर्षी ओट्यावर उभं करून चौदा एप्रिलचं पहिलं भाषण पाठ करून घेतलं, त्याला सगळ्यांत शेवटी. आईबाप नोकरीपायी मुंबईला, म्हणून ती पोर आमच्याकडे वाढली. कॉलेजसाठी रत्नागिरीला तुझ्याकडे ठेवली ती राहण्याजेवण्यासाठी. तिची जीभ तुझ्या ताब्यात दिलेली नव्हती.

त्यातून विषय कुठला, तर गोव्याचा. १९६१ साली भारताने गोवा घेतला ते कायदेशीर होतं की नाही. अठ्ठ्याहत्तर साली आपण दोघं ज्या करंडकासाठी बोललो तोच करंडक आणि तोच विषय. संयोजकांनी म्हणे जुने विषय पुन्हा काढलेत. नियमही बदललेले नाहीत. एका कॉलेजचे दोघे, एकाने बाजूने बोलायचं, दुसऱ्याने विरोधात, आणि दोघांच्या गुणांची बेरीज होऊन करंडक. मी चार दिवस बसून बाजूची बावीस पानं लिहून पाठवली. आणि काल कळतं की संस्कृती विरोधात बोलणार आहे, तयारी तू करून घेते आहेस, आणि माझी बावीस पानं तिने तिच्या जोडीदारणीला, त्या वैष्णवीला, देऊन टाकली. मी त्या मुलीचं तोंडही पाहिलेलं नाही.

दर रविवारी संस्कृतीचा फोन येतो. मागच्या रविवारी त्यात आतेआजीचं नाव नऊ वेळा आलं. आतेआजीच्या हातचं तिसऱ्या-शिंपल्यांचं कालवण, आतेआजी असं म्हणते, आतेआजीने तसं समजावलं. तुझी मैनावहिनी जवळच बसली होती. तिच्या कालवणाची चौकशी कुणी केली नाही. तिने त्या दिवशी मासळी आणली नाही.

तू या तयारीत नाक खुपसू नयेस, एवढंच सांगणं. तिला बाजू बदलायला सांग. अजून सोळा दिवस हातात आहेत.

प्रकृतीला जप. रागावलीस तरी विसरू नकोस.

तुझा दादा,
महेंद्र


रत्नागिरी
७ जानेवारी २०२५

आदरणीय दादास सप्रेम जयभीम. वि. वि.

पत्र मिळालं. पत्त्यात पिनकोडचा शेवटचा आकडा चुकवलास, तरी आलं. आमच्या खात्याची माणसं अजून मला ओळखतात. फोन तूच ठेवलास.

बाजू संस्कृतीने स्वतः निवडली. मी विचारलं का म्हणून, तर म्हणाली की बाजूने जे बोलायचं ते आजोबांच्या आवाजात मला झोपेतही ऐकू येतं, विरोधात बोलायचं तर मला स्वतःचं डोकं चालवावं लागेल. आता यात मी काय नाक खुपसलं? तिने विचारलं तेवढं सांगते, नाही विचारलं तर कालवण ढवळते.

आणि नऊ वेळा नाव आलं म्हणून तू मोजत बसलास, तर माझंही ऐक. या घरात सकाळी ती उठते ती आजोबा म्हणतात म्हणत. भाताची पेज कशी काढावी हे आजोबा म्हणतात. वर्तमानपत्र शेवटच्या पानापासून वाचू नये हे आजोबा म्हणतात. नोव्हेंबरात तिला ताप आला तेव्हा कपाळावर पट्ट्या मी ठेवत होते आणि तापात तिने हाक मारली ती तुला. मी पट्टी पिळता पिळता थांबले. माझ्या पोटात दुखलं, सरळच सांगते. तुला बायको आहे, मुलगा आहे, सून आहे, नात आहे. मला मूल नाही, आणि हे गेल्यापासून या घरात माझ्याशिवाय कुणाच्या चपला नव्हत्या. दीड वर्षापूर्वी दारात एक जोड आली, तर त्याचीही तू मोजदाद करावीस?

तू नेहमीच असा होतास. नाना मुंबईहून गिरणीच्या रजेवर यायचे तेव्हा त्यांच्या पिशवीतली पहिली वस्तू तुलाच पाहिजे असायची. मी काही बोलले नाही, कारण तू वाचायचास छान आणि मला तुझं वाचणं आवडायचं. अठ्ठ्याहत्तरला माझं भाषणसुद्धा तूच लिहून दिलंस. आपल्या घरात तशीच रीत होती: दादाने लिहायचं आणि प्रभाने पाठ करायचं. त्या स्पर्धेनंतर मी पुन्हा व्यासपीठावर चढले नाही, हे तुला आठवतं की नाही कोण जाणे.

तुझी बावीस पानं मी वाचली. उत्तम लिहिली आहेस. पानांवर आकडे घातलेस आणि या वेळी मधलं एकही पान गाळलेलं नाही, हे पाहून बरं वाटलं. वैष्णवी हुशार मुलगी आहे, ती त्याचं सोनं करील.

मैनावहिनीला सांग, संस्कृती माझ्या कालवणाला रोज नाव ठेवते की आजीसारखं आंबट झालं नाही. तुला हे फोनवर सांगायची तिची हिंमत झाली नसेल.

येणंजाणं ठेव. पत्रापुरती तरी माया असू दे.

तुझी,
प्रभा


देवरूख
१२ जानेवारी २०२५

चि. प्रभावतीस आशीर्वाद व जयभीम. वि. वि.

पान गाळण्याबद्दलचं तुझं वाक्य मला कळलं नाही. बावीस म्हणजे बावीस पानं आहेत. जुन्या गोष्टी उकरायच्या असतील तर सरळ उकर, आडून बोलू नकोस.

विषयाचं बोलू. पाचशे वर्षांपूर्वी ज्याने गोवा तलवारीने घेतला, त्याने तलवारीनेच गेल्यावर कायद्याच्या नावाने गळा काढावा, हे तुला पटतं? संयुक्त राष्ट्रांनी साठ सालीच ठरवलं होतं की वसाहती ठेवता येणार नाहीत. सुरक्षा समितीत आपल्याविरुद्ध ठराव आला, तो रशियाने अडवला. चौऱ्याहत्तर साली पोर्तुगालने स्वतः सही करून गोव्यावरची भारताची सत्ता मान्य केली. मालकानेच कागद करून दिल्यावर तू कोण विरोधात बोलणारी? हे मी संस्कृतीला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, आजोबा, हे सगळं वैष्णवी बोलणार आहे. मी म्हटलं, मग तू काय बोलणार? तर म्हणाली, ते अठरा तारखेला ऐका. माझी नात माझ्यापासून भाषण लपवते, हे कुणी शिकवलं ते मला समजतं.

मी गेल्या आठवड्यात पूर्ण विचार केला आहे. मुलींच्या वसतिगृहात एक जागा रिकामी झाली आहे. मी फॉर्म मागवला, दीपकशी बोललो, तो म्हणाला बाबा तुम्ही म्हणाल तसं. एक फेब्रुवारीपासून संस्कृती तिथे जाईल. तुझ्या प्रकृतीला तिच्या करण्याधरण्याचा त्रास होतो, तो वाचेल. फॉर्म तुझ्या पत्त्यावर पाठवला आहे. त्यावर तिची सही लागते, ती घे.

हा जळफळाट आहे असं तुला वाटेल. मैनालाही तसंच वाटतं, दोन दिवस ती माझ्याशी धड बोललेली नाही. मला तसं वाटत नाही. ही काळजी आहे.

कळावे.

महेंद्र


रत्नागिरी
१९ जानेवारी २०२५

आदरणीय दादास जयभीम. वि. वि.

काल स्पर्धा झाली. सभागृह भरलं होतं, मी मागच्या रांगेत बसले होते. आधी निकाल सांगते, कारण मैनावहिनी वाचता वाचता निकालासाठी खालच्या ओळी पाहील. करंडक आपल्या मुलींना मिळाला. वैयक्तिक पहिला क्रमांक वैष्णवीचा, दुसरा संस्कृतीचा, एका गुणाने. वैष्णवी तुझी बावीस पानं बोलली, तेव्हा तुझ्या नातीला मागे टाकलं ते तूच. घे आता.

बक्षीस घेताना वैष्णवी संस्कृतीला व्यासपीठावर हात धरून घेऊन गेली आणि करंडकाचा एक कान तिच्या हातात दिला. दोघी हसत होत्या. मला ते बघवलं नाही. आनंद होत होता, नाही असं नाही, पण एकीचा पहिला नंबर दुसरीला इतका कसा गोड लागतो हे माझ्या आकलनाबाहेरचं होतं. मी पाणी प्यायला बाहेर गेले.

तुझा फॉर्म पोचला. मी तो तिच्या टेबलावर ठेवला आहे आणि वर काहीही बोललेले नाही. तिची बॅग भरायला मला वेळ लागणार नाही. तू नेतोस तर ने. तुझी नात आहे, मी कोण अडवणारी. तिच्या चपला दारात नसल्या की मी पुढचं दार उघडं ठेवणं बंद करीन, एवढाच फरक.

एकच मागणं. वैष्णवीच्या भावाने दोघींच्या भाषणांचा व्हिडिओ केला आहे. तो मैनावहिनीच्या फोनवर पाठवला आहे. मशीन नीट लावून संस्कृतीचं भाषण शेवटपर्यंत ऐक. अर्धं ऐकून उठायची तुला सवय आहे.

प्रभा


देवरूख
२४ जानेवारी २०२५

चि. प्रभास,

ऐकलं. तीनदा ऐकलं. मैनाने फोन पाण्याच्या तांब्याला टेकवून उभा केला होता.

सुरुवातीला मी पेन्सिल घेऊन बसलो होतो, चुका काढायला. पोरीने छान मांडलं. संयुक्त राष्ट्रांच्या सनदेप्रमाणे बळाचा वापर वर्ज्य आहे हे तिने सांगितलं. सदुसष्ट साली गोव्यात मतदान झालं, पण त्यात महाराष्ट्रात जायचं की केंद्रशासित राहायचं एवढंच विचारलं, भारतात यायचं का हे विचारलंच नाही, हे सांगितलं. मी मनात म्हटलं, ठीक आहे, तयारी बरी करून घेतली आहे प्रभाने. मग पाचव्या मिनिटाला ती थांबली आणि म्हणाली:

“चोर घराबाहेर काढला म्हणून घर आपलं होत नाही, घरात कोण राहतंय ते आधी विचारावं.”

सभागृहात टाळ्या पडल्या. माझ्या हातातली पेन्सिल खाली पडली. मैनाने विचारलं काय झालं, मी म्हटलं मशीन वाजलं.

हे वाक्य मी लिहिलेलं आहे. अठ्ठ्याहत्तर सालच्या डिसेंबरात, तुझ्या भाषणाच्या पाचव्या पानावर. ते पान तुझ्यापर्यंत आलं नव्हतं. ते येऊ नये म्हणून मीच काढलं होतं.

सेहेचाळीस वर्षं हे कुणाला सांगितलं नाही, आता लिहितो. स्पर्धेच्या आठ दिवस आधी नाना रजेवर आले होते. आपण दोघांनी ओट्यावर त्यांना भाषणं म्हणून दाखवली. मी म्हटलं तेव्हा नाना म्हणाले, बरा हा. तू म्हटलंस तेव्हा त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली आणि ते तुझ्याकडे बघत राहिले. मग आईला म्हणाले की प्रभा बोलली की अंगावर काटा येतो. शब्द माझे होते, प्रभा. मी लिहिले होते. आणि काटा तुझ्यामुळे आला. तेव्हा मधलं पाचवं पान तेवढं लिहायचं राहिलं होतं. दुसऱ्या दिवशी ते लिहिलं आणि वाचून पाहिलं, तर संपूर्ण भाषणात तेच सर्वांत चांगलं झालं होतं. तुझ्या तोंडी ते वाक्य गेलं असतं तर पहिला नंबर तुझाच होता. मी पान काढलं आणि सहाव्याला पाच केलं.

गुणांची बेरीज होते हे मी विसरलो नव्हतो. मला वाटलं, तेवढ्याने करंडक जाणार नाही. दोन गुणांनी गेला. मला पहिल्या नंबरचं पेन मिळालं. नाना करंडक डोक्यावर घेऊन वाडीत शिरणार होते, त्यासाठी त्यांनी नवा सदरा घातला होता. ते रिकाम्या हातांनी माझ्यापुढे चालत गेले आणि वाटेत मला शाबास म्हणाले. ते पेन मी कधी वापरलं नाही.

मी ते पान न्हाणीच्या चुलीपाशी जळणात टाकलं होतं. मग ते तुझ्याकडे आलं कसं? आणि आलं होतं तर कधी आलं? एवढं मला कळव. वसतिगृहाचं तुम्ही दोघी ठरवाल तसं. मला आता त्यात तोंड उघडायला जागा नाही.

मैनाला मी सगळं सांगितलं. ती म्हणाली, पन्नास वर्षं होत आली तरी ह्या बाबाचा बहिणीशी असलेला वाद संपत नाही. मग चहा केला.

दादा


रत्नागिरी
३० जानेवारी २०२५

आदरणीय दादास सप्रेम जयभीम. वि. वि.

पत्र आलं तेव्हा संस्कृती कॉलेजात होती. मी ते दाराशी उभं राहून वाचलं, मग आत येऊन बसून वाचलं.

आधी तिचं सांगते. वसतिगृहाचा फॉर्म तिने तिच्या टेबलावर आठवडाभर पाहिला आणि रविवारी मला विचारलं की आजोबांनी आणि तू मिळून हे ठरवलंत, त्यात माझं मत घ्यायचं राहिलं का? मी म्हटलं, राहिलं. मग तिने मत दिलं. परीक्षा होईपर्यंत ती इथेच राहणार. मे महिन्यात देवरूखला, आजीच्या हातचं खायला. आणि जूनपासून वसतिगृहात, पण तुझ्या फॉर्मवर नाही. तिने आणि वैष्णवीने एकत्र खोली मिळावी म्हणून स्वतः दुसरा फॉर्म भरला आहे. म्हणजे तुलाही नाही आणि मलाही नाही. मला आधी फार वाईट वाटलं. मग तुलाही मिळाली नाही हे लक्षात आलं आणि जरा बरं वाटलं. काय करू, स्वभाव आहे, आणि तो मला एकटीला मिळालेला नाही.

आता तुझा प्रश्न. न्हाणीची चूल सकाळी कोण पेटवायचं, दादा? तू कधीच पेटवली नाहीस म्हणून तुला आठवत नाही. मीच पेटवायची. सकाळी वाळक्या पानांचा पातेरा ओढताना कागद हाताला लागला. तुझं अक्षर होतं म्हणून वाचला. वर पाचाचा आकडा होता, आणि माझ्याकडच्या पाचव्या पानावर सहा खोडून पाच केलेला होता. मला कळायला वेळ लागला नाही. स्पर्धेला तेव्हा चार दिवस होते. कागद मी परकराच्या खिशात घातला, नंतर ट्रंकेत, नंतर टपालातल्या माझ्या ड्रॉवरमध्ये. बदल्या झाल्या तिथे तो माझ्याबरोबर आला.

संस्कृतीने मला विचारलं की विरोधात बोलायला काही जुनं आहे का, तेव्हा मी तो तिच्या हातात दिला. कुणाचा ते सांगितलं नाही. तिने अक्षर ओळखलं. म्हणाली, आजोबांचं आहे, मग आजोबांनी मला बावीस पानांत हे का नाही दिलं? मी म्हटलं, त्यांनाच विचार. ती विचारणार आहे, तयार राहा.

पण तू मनात घेऊन बसला आहेस की दोष तुझा. तो सगळा तुला देऊन टाकायला मला आवडलं असतं. इतकी वर्षं मी तेच करत आले. तुझ्या पत्रावर मला नुसतं हो म्हणता आलं असतं आणि तू जन्मभर माझ्यापुढे मान खाली घातली असतीस. दोन दिवस मी तेच करायचं ठरवलं होतं. पण तू नानांचा नवा सदरा लिहिलास आणि मला ते जमेना.

तर ऐक. ते वाक्य मला पाठ होतं. चार दिवस मी ते मनात घोकत होते. व्यासपीठावर पहिली घंटा झाली, तुझी सगळी पानं संपली आणि माझ्याजवळ पुरं दीड मिनिट उरलं. मी समोर पाहिलं. तू पहिल्या रांगेत मांडीवर हात ठेवून बसला होतास, नाना मागे भिंतीशी उभे होते. वाक्य ओठांवर आलं होतं. मला ठाऊक होतं की ते बोलले तर करंडक आपला. आणि हेही ठाऊक होतं की करंडक तुझ्या हातात देतील, कारण संघाचा प्रमुख म्हणून नाव तुझं घातलेलं होतं. मी दीड मिनिट शिल्लक ठेवलं, एवढे बोलून मी माझे दोन शब्द संपवते म्हटलं आणि खाली उतरले.

दोन गुण कुणाचे गेले ते आता तू ठरव. नानांना रिकाम्या हातांनी आपण दोघांनी मिळून घरी पाठवलं. मी मागून चालत होते, म्हणून त्यांचा चेहरा तुला दिसला नाही तसा मलाही दिसला नाही.

पान सोबत पाठवते आहे. कडा पिवळ्या झाल्या आहेत, घडीवर फाटलंय, पण वाचता येतं. मैनावहिनीला मोठ्याने वाचून दाखव. काटा आला का तिला विचार, आणि आला असेल तर मला कळवू नकोस.

मे महिन्यात संस्कृतीबरोबर मीही येते. राग आणि लोभ दोन्ही सांभाळून ठेव, दोन्ही तुझ्याकडेच ठेवलेले आहेत.

तुझी धाकटी,
प्रभा